सातव्याचा तळहात

अलिबागच्या किनाऱ्यावरच्या चुंबकीय वेधशाळेत मी कारकून होतो. यंत्रघरासाठी एक मदतनीस घ्यायचा होता. लोखंड जवळ आलं की तिथली सुई हलायची, म्हणून उमेदवारांनी बाहेर काय ठेवायचं याची यादी मी दारावर लावली होती: चावी, चाकू, छत्री, नाल मारलेल्या वहाणा.

सातवा उमेदवार थळचा कोळी होता. पुढे सगळे त्याला सातवाच म्हणू लागले. माणूस आडदांड, पण यंत्राजवळ पाऊल टाकायचा ते निजलेल्या पोराजवळून गेल्यासारखं. वेधशाळेच्या साहेबांना ते आवडलं. पण सुई हलली. शंका नको म्हणून कमरेचा करगोटाही सोडून तो पुन्हा आत गेला, तरी हलली.

"काय लपवलंस रे?" मी विचारलं.

तो उजव्या तळहाताकडे बघत म्हणाला, "गळाचं टोक हाय आत. पोरपणी मोडलेलं. तुमच्या यादीत न्हाय ते, भाऊसाहेब."

खरंच नव्हतं. साहेबांनी सोमवारपर्यंत जागा राखली.

सोमवारी तो आला तो दवाखान्यात तळहात चिरून, टोक काढवूनच. पट्टीला गाठ मारलेली, टाचणी नाही. यंत्राजवळ उभा राहिला. सुई जागची हलली नाही. साहेबांनी तिथेच त्याला नेमलं.

"गळ उपटून जाळ्यात शिरणारा मासा बघितलाव का कधी?" बाहेर येऊन तो मला म्हणाला.

मी यादीत पाचवी ओळ लिहिली: अंगात रुतलेलं लोखंड. पुढे नव्या माणसांना यादी तोच तोंडपाठ सांगायचा, आणि पाचव्या ओळीला नुसता तळहात उघडून धरायचा.