दर्याची ओटी

ठकूबाई म्हणजे माझी शेजारीण, बांधाला बांध लागलेला. नवरा गेला तवा तिचं पोर अंगावर पीत व्हतं. तिथनं पुढं तिनं एकटीनं कांदा केला, टोमॅटो केला, नारायणगावच्या मार्केटात आडत्याशी भांडली. दिरानं बांध सरकवला तर मोजणी आणून त्याला परत मागं घ्यायला लावला. आता पन्नाशी वलांडली. लोक म्हणत्यात, बाई लई आगाव. मी म्हणते, आगाव नसती तर कवाच गिळली असती तिला.

समिंदर बघायचं खूळ तिचंच. बचत गटाच्या समद्या बायांना तिनं तयार केलं, गाडी तिनं ठरवली. दिवेआगरावरनं श्रीवर्धनला समिंदराच्या कडंकडंनं रस्ता जातोय, ह्येबी तिनंच लेकाच्या मोबाइलात बघून ठिवलं. पिंपरी पेंढारातनं आमी तांबडं फुटायच्या आत निघालो. कळंबच्या पुलावर समद्यांनी घोडनदीला नाणी टाकली, तिनंबी टाकलं. नाण्याला विधवा चालती बरं का.

दुपारी त्यो रस्ता लागला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नुसतं पाणी, कुठं सरंच ना. गाडीतली बडबड आपसूक बंद पडली. ठकूबाई खिडकीला तोंड लावून लहान पोरीवाणी हसत व्हती. तिला असं हसताना म्या कधी बघितलंच नव्हतं.

एका वळणावर गाडी थांबवली. कोंडाबाई आमच्यात वयानं मोठी. तिनं पिशवीतनं खण, नारळ, तांदूळ आन् कुकवाचा करंडा काढला. नवं पाणी बघितलं की त्याची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. खण तर ओतूरच्या बाजारात ठकूबाईनंच पसंत केलेला. ती हौसंनं पुढं झाली, तशी कोंडाबाई म्हणाली, "ठकू, तू गाडीपाशी थांब. पिशव्यांकडं बघ जरा."



"पिशव्या काय पळून जात्यात व्हय?" ठकूबाईनं इचारलं.

"तसं न्हाई गं. ओटी सवाष्णींनी भरायची. रीत हाय, त्याला तू मी काय करणार?"

रस्त्याकडंला एक कोळीण सुकी मासळी घिऊन बसली व्हती. ती हसायलाच लागली. "अगो बायांनो, दर्या काय बाईमाणूस हाय? दर्या बाप्या हाय. त्याला नारळ देतात. त्याची ओटी कोण भरतं?"

आमी एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो. आमच्याकडं नदी म्हंजी आई, समिंदरबी तसाच आसंल म्हणून आलो व्हतो. कोंडाबाईच्या हातात खण घडीचा घडीत राहिला.

"म्हंजी परक्या बाप्याची ओटी भरायला निघाला व्हता तुमी," ठकूबाई म्हणाली. "त्ये चालतंय. म्या हात लावला की रीत मोडती." आन् तिथंच, भर रस्त्यात, तिनं पदर पसरला. "त्याला नको ना? मंग माझी भरा."

कुणी हालंना. काय जड व्हतं का त्यात? माझं डोकं सणकलं आन् म्या तांदळाची वंजळ उचलली. कोंडाबाईनं माझा हात धरला. "गावात काय तोंड दाखवायचं आपण?"

"हाय त्येच दाखवायचं," ठकूबाई म्हणाली. "आन् कोंडाबाई, तुमचं मालक कवापासनं हातरुणाला खिळल्यात. देव त्यांना शंभर वर्सं देवो. पर उद्या तुमालाबी कुणीतरी पिशव्या राखाय सांगंल. तवा रीत गोड लागंल का?"

कोंडाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लई कडू बोलली ठकूबाई, पर खोटं काय बोलली? म्हातारीनं माझा हात सोडला. नारळ उचलून पुढं आली, पदरात घालायला वाकली.

ठकूबाईनं पदर मागं घेतला.

"अशी न्हाई. आदी हळदकुकू, मंग ओटी. रीत तुमालाच जास्त ठावी."

कोंडाबाईनं नारळ खाली ठिवला. मंग तिनं करंड्यात बोट बुडवलं. हात वर यायला लई येळ लागला, पर ठकूबाईनं कपाळ मागं घेतलं न्हाई.