सैल ट्रिगर आणि अठरा होल्स्टर

ऑफिसचे किस्से लंचला सांगून संपतात. ट्रिपचे किस्से फोटो दाखवले की संपतात. आमचे रेंजवरचे किस्से मात्र साठतच गेले, कारण ते घरी सांगायची सोय नव्हती!

आम्ही तिघं. मी, पुण्याचा शिरीष आणि नागपूरचा मिलिंद. तिघंही अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात, तिघंही आयटीत. सहा वर्षांपूर्वी आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या आणि आम्ही पिस्तुलं घेतली. रीतसर, परमिट काढून. मग दर शनिवारी सकाळी शूटिंग रेंज. चोर काही परत आले नाहीत. बाकी बरंच काही झालं.

*

माझं पिस्तूल सेकंडहँड. वर्षभरातच त्याचा ट्रिगर सैल झाला, बोट लावलं की दुधाच्या दातासारखा हलायचा. शिरीष म्हणाला, "गनस्मिथ कशाला? मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे यार!"

रविवारी दुपारी आमच्या डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलं. पिस्तूल रिकामं आहे हे तिघांनी तीनदा बघितलं. मग शिरीषने लॅपटॉपवर व्हिडिओ लावला आणि एकेक भाग सुटा करायला लागला. तेवढ्यात एक स्प्रिंग टुण्णकन उडाली. आम्ही तिघं टेबलाखाली रांगत असताना माझी बायको अनघा खाली आली. तिने कोशिंबिरीचं भांडं उचललं, त्यातली स्प्रिंग चमच्याने काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही कुणाच्या तरी घशात गेली असती," एवढंच म्हणाली.

सगळं परत जोडलं, तर एक पिन उरली!

"कंपनीने एक्स्ट्रा दिली असेल," शिरीष म्हणाला.

आम्ही पोट धरून हसलो. अनघा हसली नाही. त्या दिवशी तिच्याकडे नीट बघायला हवं होतं.

*

शेवटी रेंजवरच्या गनस्मिथकडे गेलो. अर्ल नावाचा म्हातारा, दोन्ही कानांत हिअरिंग एड. त्याने पिस्तूल दिव्याखाली धरलं, उरलेली पिन पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुणी उघडलं होतं?"

"मित्राने."

"अजून मित्र आहे?"

पंधरा मिनिटांत त्याने ट्रिगर घट्ट करून दिला. देताना म्हणाला, "सैल ट्रिगर मी नीट करतो. हे रोज कमरेला का लावायचं, ते तुझं तू बघ."

तेव्हा तो मला फक्त खडूस वाटला होता.

*

मग होल्स्टरचं, म्हणजे पिस्तूल अडकवायच्या कव्हरचं, वेड लागलं. कमरेच्या आतलं, कमरेच्या बाहेरचं, घोट्याला बांधायचं. उभं राहिलं की बरं वाटायचं, गाडीत बसलं की पोटात टोचायचं. त्यासाठी जाड बेल्ट, बेल्टसाठी एक साइज मोठी पँट, पँट झाकायला लांब शर्ट! वर्षभरात तिघांत मिळून अठरा होल्स्टर झाली.

एका शनिवारी मी दुकानातून परतलो तेव्हा अनघा दारातच उभी होती.

"लग्नाच्या शालूसाठी तू एकाच दुकानात आला होतास. बाहेर बसून पेपर वाचत होतास!"

मी हसून वेळ मारून नेली. त्या वर्षी तिची दोन ऑपरेशनं झाली. दोन्ही वेळा मी वेटिंग रूममध्ये फोनवर बेल्टचे रिव्ह्यू वाचत होतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

*

शिरीषच्या मुलीचा, सईचा, शाळेत व्हायोलिनचा सोलो होता. हा ऑफिसातून थेट गेला. शाळेच्या गेटवर पाटी दिसली, शस्त्र आणू नये, आणि याचा हात कमरेवर गेला! सकाळी सवयीने लावलेलं पिस्तूल तिथेच होतं. तसाच गाडी वळवून घरी गेला, ते तिजोरीत ठेवलं, परत आला. हॉलमध्ये खुर्च्यांची घडी करणं चाललं होतं.

सई व्हायोलिनची केस बंद करत होती. "इट्स ओके, बाबा. मॉमने रेकॉर्ड केलंय."

शिरीषने तो व्हिडिओ आम्हाला कितीदा तरी दाखवला. शेवटी सई वाकून नमस्कार करते आणि मान वर करून प्रेक्षकांत कुणाला तरी शोधते. तिथे तो दर वेळी फोन बंद करतो.

*

मिलिंदची आई नागपूरहून सहा महिने राहायला आली होती. शाळेतून रिटायर झालेल्या बाई. रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणायच्या, मग दिवसभर हाताला काहीतरी काम शोधायच्या. पिस्तूल तिजोरीत होतं, पण होल्स्टर कपाटात राहिलं. ते त्यांना सापडलं. कापडी, एका बाजूची शिवण उसवलेली.

"हे कशाचं रे कव्हर?"

मिलिंदच्या तोंडून निघून गेलं, "ड्रिल मशीनचं, आई."

त्यांनी दोन दुपारी खपून ते शिवलं. जाड दोरा, दुहेरी टाका. कंपनीच्या शिवणीपेक्षा पक्कं! नागपूरला परत गेल्यावर दर रविवारी फोनवर विचारायच्या, "ड्रिल कशी चालतेय? शिवण टिकली का?"

"टिकली, आई."

खरं सांगू, सांगू म्हणत दोन वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात त्या अचानक गेल्या. मिलिंद पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

तो परत आल्यावर आम्ही शनिवारी रेंजच्या पार्किंगमध्ये भेटलो. आत कुणीच गेलं नाही. मिलिंदने गाडीतून एक पिशवी काढली. ताईला आईच्या कपाटात सापडली, म्हणाला. आत एक नवंकोरं कव्हर होतं. खाकी कापड, आतून मऊ अस्तर, आठवणीतल्या मापाने शिवलेलं. त्याला टाचणीने चिठ्ठी लावली होती, बाईंच्या वळणदार अक्षरात: "मिलिंदच्या ड्रिलसाठी. जुनं फाटलं तर."

मिलिंद अस्तरावरून बोट फिरवत राहिला.

"माझ्याकडे ड्रिलच नाही रे," तो म्हणाला.