आवडाबाई आणि मिऱ्याच्या कुर्ल्या

आवडाबाईने पावसाबद्दल शब्द टाकला, की मिऱ्या गावच्या किनाऱ्यावरच्या बायका वाळत घातलेला जवळा, ती इवली कोळंबी, मुकाट गोळा करायच्या. वाळूतल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बिळांची तोंडं बुजवून वर सरकल्या की पाऊस येतो, हे ती सासूकडून शिकली होती. आणि भिजलेला जवळा गेला कामातून, तो खतालाच जायचा.

गेल्या साली मात्र घात झाला. कुर्ल्या भराभर वर चढताना बघून आवडाबाई ओरडली, "उचला गो, उचला!" सगळ्यांनी दमट जवळा टोपल्यांत कोंबला. पाऊस कसला नि काय! कडकडीत ऊन पडलं आणि पावसाची वाट बघता बघता झाकलेला जवळा कुजला. तिची सून मनिषा तर रडलीच. तेव्हापासून आवडाबाईला कुणी विचारीना. बाईच्या जिवाला फार लागलं ते. पण गप बसेल ती आवडाबाई कसली!

तिने शोध घेतलाच. नव्या बंधाऱ्यासाठी यंत्रं दगड टाकत होती, त्या धडधडीनेच कुर्ल्या पळाल्या होत्या. मग ती रोज सकाळी किनाऱ्याच्या खडकाळ खडपावरून पार पलीकडे जाऊ लागली, जिथे यंत्राचा आवाज पोचत नाही. गुडघे बोंब मारायचे, तरी जायची. शिवाय चुलीमागच्या मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढतात का, तेही बघायची. एकट्या कुर्ल्यांवर आता भरवसा नाय, म्हणायची.

काल लख्ख ऊन होतं. पलीकडची बिळं बुजलेली, घरात मुंग्यांची रांग वर निघालेली. आवडाबाई तडक किनाऱ्यावर आली नि आपला जवळा भरू लागली.

"म्हातारीला परत पाऊस दिसला वाटतं!" बायका हसल्या.

"हसा खुशाल. मी उचलणार."

मनिषा कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचाही जवळा अजून दमटच होता.

"आई, तुमी पुन्हा चुकलात तर?"

"तर उद्या पुन्हा पसरीन. नि परवा पुन्हा खडपापलीकडे जाऊन बघीन."

मनिषाने आभाळाकडे पाहिलं. ढगाचं नाव नव्हतं. तरी तिने पदर खोचला नि टोपली ओढली. "चला, माझाही उचलू. पण या खेपेला झाकायचा नाय, पडवीत पसरून ठेवू."

आवडाबाईला भरून आलं. पण ती खेकसलीच, "मग बघत काय राहिलीस? भर!"