ऑर्डर येण्याआधीची बांधाबांध

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण दरवाज्यांचं ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. मी तेव्हा चंदीगडमध्ये आर्थिक गुन्ह्यांचा तपास पाहत होतो. खबर दरवाजे बनवणाऱ्या दुसऱ्या एका कारखानदारानेच दिली. आयटी पार्कमधल्या एका नव्या इमारतीत जिन्यांना बसवलेले आगरोधक दरवाजे बोगस आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. धंद्यातली चढाओढ म्हणून मी निम्मं सोडून दिलं. तरी अग्निशमन दलाचा माणूस सोबत नेऊन एक दरवाजा कापून पाहिला. आत पुठ्ठा आणि भुसा. वरच्या मजल्यांवर लवकरच तरुण पोरं कामाला बसणार होती, आणि आग लागली तर सुटकेचा जिना हाच.

नियम असा, की मंजुरी देणाऱ्या केंद्रीय कार्यालयाच्या इंजिनिअरने स्वतः कारखान्यात जायचं, तयार मालातून आपल्या मनाने एक दरवाजा निवडायचा आणि सही-शिक्का मारून चाचणीला पाठवायचा. भट्टीत टिकला, तरच त्या मालाला मंजुरी. इथे भट्टीत टिकलेला दरवाजा भलताच होता. कारखानदाराने खास बनवलेल्या नगावर इंजिनिअरने डोळे मिटून सही केली असावी, असा माझा संशय होता.

सही करणारा निघाला सांगलीकडचा, बदलीवर आलेला. मी साताऱ्याचा. दिवसभर हिंदी-पंजाबी ऐकून कान विटलेले असायचे. त्याचा जबाब घेताना, खोटं कशाला सांगू, संशयित समोर असूनही मला बरं वाटलं. तो मात्र एकच धरून बसला: निवड मीच केली, पुढचं कारखानदाराला विचारा. त्याची खाती तपासली, नातेवाइकांची तपासली. लाचेचा मागमूस नाही. माझा हवालदारही म्हणायला लागला, "सर जी, बंदा साफ लगता है."

मग घरझडती घेतली. सरकारी क्वार्टरमध्ये कपाटं रिकामी, भांडी खोक्यात, जादा गाद्या सुतळीने बांधलेल्या, आणि खोक्यांवर धूळ. आयुष्य बदल्यांवर काढलेल्या माणसाला हे लगेच खटकतं. ऑर्डर हातात पडल्याशिवाय कोणतीही गृहिणी खोकी भरत नाही, कारण बदली रद्द झाली की सगळं पुन्हा मांडायची शिक्षा तिलाच असते. त्याच्या बायकोला मी सहज विचारलं, बदलीची ऑर्डर आली का?

"अजून नाही आली," ती म्हणाली. "पण पक्की आहे. फॅक्टरीवाले साहेबच बघतायत की. सासूबाई एकट्या आहेत हो गावाकडं."

शेजारी उभ्या असलेल्या इंजिनिअरने तिला आत जायला सांगितलं. पुढचं त्याने न विचारता सांगितलं. बदलीचे त्याचे अर्ज दर वेळी नामंजूर झाले होते. आई फोनवर रोज विचारायची, कधी येतोस? कारखानदाराने दिल्लीत ओळख असल्याचं सांगितलं आणि त्या आशेवर याने सही केली. ओळख वगैरे काही नव्हतीच, हे आम्हाला कारखानदाराच्या चौकशीत कळलं.

दरवाजे बदलले गेले. दोघांवर आरोपपत्र दाखल झालं. जामीन मिळाला, पण नेहमीच्या अटीवर: परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. आई गेली, तेव्हा याचा परवानगीचा अर्ज कोर्टात पडून होता. मला फार वाईट वाटलं. तपासात काही चुकलं नव्हतं आणि अटही योग्यच होती, तरी वाटलं.

त्यानंतर मी कोणत्याही आरोपीच्या पैशांमागे लागण्याआधी, त्याचा जीव कशात अडकलाय ते पाहायला लागलो. ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

शिक्षा भोगून तो आता चंदीगडजवळच्या खरड गावात राहतो. मी निवृत्तीनंतर मुलाकडे, चंदीगडलगतच्या झिरकपूरला असतो. नातवंडांशी मराठीत बोललो की उत्तर हिंदीत येतं. मध्यंतरी तो भाजी बाजारात भेटला, स्वतःहून थांबला. गावी जाऊन आलास का, मी विचारलं.

"आता कुणाला भेटायला जाऊ, साहेब? तुम्ही कधी निघणार साताऱ्याला?"

पुढच्या वर्षी, असं मी सांगितलं. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी हेच सांगतो आहे.