देवमाशाची खबर

मले धड वाचता येत नाही, म्हणून नवऱ्याचे मेसेज मलकापूरच्या ठेसनापाशी मोबाईल दुरुस्त करणारा भाऊ वाचून दाखवते. गल्लीले ऐकू जाईन असा बोंबलते, "ताई, दाजीनं देवमासा पाह्यला!"

नवरा देवमासे वाचवणाऱ्या बोटीवर सैपाकी हाय. जाळ्यात देवमासा अडकला का आपली अन् शेजारच्या देशाची बोट मिळून सोडवतात. आता दोन्ही देशाईचं वाजलं. भाऊ टीवीवर खेकसे, "देवमाशाले काय पासपोर्ट लागते बे?"

काल बोटीच्या हापिसातून मेसेज आला, म्हणून लेकरू कडेवर घेऊन दुकानात गेली. भाऊनं दोनदा मनातच वाचला.

"काय हाय भाऊ?"

"देवमासा सोडवायले बोट हद्दीपार गेली होती. तिकडून गोळीबार झाला..."

त्यानं भर दुपारी शटर ओढलं, हात पुढं केले.

"ताई, लेकरू माह्याजवळ द्या. अन् खाली बसा."