शिळ्या हवेची जागा

अन्याय झाला तो तांदूळ निवडून पोट भरणाऱ्या शेवंताबाईंवर, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. गोंदियातल्या आमच्या गल्लीत त्यांच्या एकुलत्या खिडकीसमोर नव्या बंगल्याच्या भिंतीला भोक पडलं.

ती जागा ठरवणारा माणूस मला टपरीवर रोज भेटतो. बोलायला गोड, चहाचे पैसे कधी दुसऱ्याला देऊ देत नाही. घरातली शिळी हवा बाहेर टाकताना तिच्यातला एसीचा गारवा आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र तो बसवतो. ताजी हवा कुठून घ्यायची हे तो भिंतीभिंतीशी डोळे मिटून, वास घेऊन ठरवतो. बंगल्याच्या बागेकडे तर कितीतरी वेळ उभा होता. मग मागच्या ओट्यावर त्याने खडूने घराचा नकाशा काढला, ताजी हवा बागेतून घेतली आणि स्वयंपाकघर-संडासाची शिळी हवा बाण काढून मागे सोडली.

"पण मागे कोण राहतं ते पाहिलंस का?" मी विचारलं.

"उधर तो खाली है, भाऊ."

कुंपणापलीकडून शेवंताबाई कडाडल्या, "खाली कसं रे बापा? मी मेली का? दम्यानं जीव जाऊन राहिला माहा!"

यंत्र सुरू झाल्यावर मी त्याला ओढतच त्यांच्या खोलीत नेलं. त्याने दाराशी अदबीने चपला काढल्या. मग नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मावशी, खिडकी बंद ठेवत जा ना."

आता ती बंद आहे. आत वैशाखाची काहिली आणि शेवंताबाईंची धाप.

उद्या तो टेप घेऊन तुमच्याकडे येईल. आधी त्याला शेजाऱ्याच्या खिडकीत उभा करा, तिथला वास घ्यायला लावा. तोवर भिंतीला हात लावू देऊ नका.