खंडोबाचा करार आणि रणधीरचे दोन अर्ज

बब्रुवानआप्पा पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा आधी त्यांचा आवाज आला, मग मिशा आल्या आणि मागून, दारात जागा उरली तसे, खुद्द आप्पा आत शिरले. "गुर्जी, हायत का घरात?" ही हाक सोलापूरपर्यंत गेली असावी. माझा चहा बशीत उतरला आणि शेजारची म्हैस दोन दिवस पान्हा सोडेना.

अणदुरात इंग्रजी अर्ज लिहिणारा मास्तर मी एकटाच. आप्पांचा मुलगा रणधीर आखातात टेम्पो चालवायला गेला होता. दोस्तांनी कंपनीची तांब्याची तार चोरली, ती याच्या टेम्पोतून गेली. शिक्षा तीन वर्षं, त्यातलं वर्षाहून जास्त सरलं होतं.

"पोरगं चुकलं, न्हाय म्हणत न्हाय म्या," आप्पा म्हणाले. "पण भोगायचं ते इकडं भोगू द्या की. हिला त्याला बघायचंय."

ही म्हणजे तुळजाबाई. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस. विमान सोडाच, त्यांना घराची पायरी झेपत नव्हती.

दोन देशांत करार असेल तर कैद्याला उरलेली शिक्षा मायदेशी भोगता येते, हे मी वाचून दाखवलं. आप्पांना ते लगेच पटलं. आमचा खंडोबा दरवर्षी दीड-दोन महिने नळदुर्गला राहायला जातो आणि दोन्ही गावं लेखी करार करून देव एकमेकांच्या ताब्यात देतात.

"देव कागदावर जातो-येतो," आप्पा म्हणाले, "मग रणधीर कोण लागून गेला?"

अर्ज गेला. तिथल्या आपल्या दूतावासातल्या अश्लेषा मॅडमनी तुरुंगात जाऊन रणधीरची संमती घेतली. पण कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात जन्म गेलेल्या माणसाला एकाच अर्जावर झोप लागत नाही. आप्पांनी तिथला वकील गाठून शिक्षा कमी करण्यासाठी अपीलही करवलं. वकिलाला द्यायची हकिकत मीच लिहिली, मोठ्या ऐटीत.

सहा महिन्यांनी मॅडमचा फोन आला. "आप्पा, अपील पडून आहे तोवर बदली होत नाही. आधी निकाल अंतिम व्हावा लागतो."

"दोन्हीतलं जे आधी हुईल ते घेऊ की, मॅडम."

"तसं चालत नाही हो."

"मग ते अपील फाडून टाका."

"ते कोर्टात आहे. रणधीरनंच मागं घ्यायचं, तेही तारीख लागल्यावर."

आप्पा पहिल्यांदाच हळू बोलले. "हिला काय सांगू?"

तारखेची चौकशी करते म्हणत मॅडमनी फोन ठेवला. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी अपिलाचे कागद चाळू लागलो.

रणधीर येरवड्याच्या तुरुंगात आला की न्यायला म्हणून तुळजाबाईंनी शेंगदाण्याची चटणी कुटून घेतली होती. ती खवट झाली की त्या शेजारणीला हाक मारून नवी कुटून घ्यायच्या. असं तीनदा झालं. खवट चटणी आप्पा खाऊन टाकत, आणि बरी लागते म्हणत.

तारीख आठ महिन्यांनी लागली. अपील मागं घेतलं. कागद इकडं यायला आणखी चार महिने गेले. मग कळलं, की बदलीसाठी निदान सहा महिन्यांची शिक्षा शिल्लक लागते. रणधीरची पाच उरली होती. अर्ज निकाली निघाला.

रणधीर शिक्षा पुरी करून अणदूरला आला. तुळजाबाईंना जाऊन तेव्हा नऊ आठवडे झाले होते.